मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक, आणि अण्णांना काय सांगू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय 46, घर चिंचवडला, नोकरी हिंजवडीत. घरात पत्नी, यंदाच अठरा पूर्ण झालेली मुलगी आणि एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. गाव चिपळूणजवळ, त्यामुळे गणपती, शिमगा आणि मे महिन्याची फेरी ठरलेली. अकरा वर्षं वापरलेली डिझेल हॅचबॅक आता बदलायची आहे. रोजच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून डावा गुडघा दुखायला लागलाय, म्हणून ऑटोमॅटिक घ्यावीशी वाटते. पण अण्णांचं म्हणणं, "गिअर नाही ती गाडी कसली, घाटात दगा देईल." मित्र सांगतात, पाच वर्षांत मॅन्युअल बंदच होणार, आत्ता घेतलीस तर पुढे कुणी विचारणार नाही. मुलीनं मॅन्युअलच शिकावं असं वाचकांना वाटतं, मुलगी विचारते, कशाला? "बायकोकडे लायसन्स आहे, पण ती चालवत नाही," असंही जाता जाता लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय: "आयुष्यातली शेवटची मॅन्युअल घ्यायची हीच वेळ आहे, की मी उगाच भावनेत अडकलोय?"

---

नमस्कार,

आधी त्या पाच वर्षांचं बघू, कारण मित्रांनी तुम्हाला त्याच धाकात ठेवलेलं दिसतंय.

अमेरिकेत जनरल मोटर्सनं 1939 मध्ये ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आणला. पूर्णपणे आपोआप गिअर बदलणारी, सर्रास विकली गेलेली ती पहिली व्यवस्था. आज तिथे नव्या शंभर गाड्यांत मॅन्युअल एखाद-दुसरी निघते. पण तिथवर यायला काही दशकं गेली, आणि मधल्या काळात तिथलं पेट्रोल स्वस्त होतं, रस्ते सरळ होते, गाड्या मोठ्या होत्या. आपल्याकडचं गणित वेगळं. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे कित्येक वर्षं 'महाग आणि ॲव्हरेज न देणारी' गाडी. सामान्य घरात ती शिरली 2014 मध्ये, मारुतीच्या सेलेरिओमधून, तीही एएमटी या प्रकारात.

या एएमटीची गंमत अण्णांना जरूर सांगा. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. तेच दातेरी चाकांचे संच, तीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरच्या हातापायांऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते. म्हणून तर ती जेमतेम पन्नास हजारांच्या फरकात मिळते. म्हणजे ज्या गाडीमुळे मॅन्युअल संपणार असं तुमचे मित्र म्हणतात, तिच्या पोटात मॅन्युअलच बसलाय. एएमटी विकली जातेय तोवर तो गिअरबॉक्स कारखान्यात बनत राहणार, आणि जो बनतोय तो पायानं चालवायच्या गाडीत बसवून द्यायला कंपनीला फारसा खर्च नाही. सुट्या भागांची काळजी तर सोडूनच द्या.

मॅन्युअल जातोय हे मात्र खरं, आणि तो वरून खाली जातोय. टोयोटाच्या इनोव्हाचंच उदाहरण घ्या. 2022 च्या शेवटी आलेल्या हायक्रॉसमध्ये मॅन्युअल ठेवलाच नाही. आणि 2023 मध्ये डिझेल क्रिस्टा परत आणली ती फक्त मॅन्युअलमध्ये. नाव एक, गिऱ्हाईक दोन: घरच्यांसाठी घेणारा आणि टुरिस्टला लावणारा. महागड्या गाड्या हायब्रिड होताहेत, इलेक्ट्रिक होताहेत, आणि त्यांत नेहमीच्या गिअरबॉक्सला जागाच उरत नाही. पुढची गाडी थांबली की आपणही थांबायचं, ती निघाली की निघायचं, असलं काम करणाऱ्या यंत्रणांना मध्ये माणसाचा क्लच नको असतो. शिवाय प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीची प्रदूषण चाचणी वेगळी. बीएस-6 हे कडक प्रदूषण नियम आल्यावर कंपन्यांनी कमी खपणाऱ्या जोड्या झपाट्यानं कापल्या त्या यामुळेही. खाली मात्र चित्र निराळं आहे. बेस मॉडेल मॅन्युअल, टॅक्सी मॅन्युअल, छोटे टेम्पो मॅन्युअल. सीएनजीमध्ये तर ऑटोमॅटिक 2024 पर्यंत नव्हतीच, टाटानं टियागो-टिगोरमध्ये ती पहिल्यांदा दिली.

तेव्हा माझा अंदाज विचाराल तर दहा वर्षांनी पंचवीस लाखांच्या पुढे मॅन्युअल शोधत हिंडावं लागेल, आणि बजेटातल्या गाड्यांत ती शोरूमच्या दारातच उभी असेल. तुम्ही त्या खालच्या बाजूलाच आहात. 'शेवटची संधी' वगैरे तुमच्यापुढे काही नाही. विकताना किंमत येणार नाही, ही भीतीही अर्धवट आहे. पुण्या-मुंबईत सेकंड हँड ऑटोमॅटिकला गिऱ्हाईक लवकर मिळतं, तालुक्याच्या गावी अजून मॅन्युअलला. अकरा वर्षं गाडी वापरणाऱ्या माणसानं विक्रीच्या किमतीवर आत्ताची गाडी ठरवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गुडघ्याकडे येऊ. इथे एक शंका विचारते, रागावू नका. गुडघा क्लचनं दुखतोय, की *या* क्लचनं? अकरा वर्षांच्या डिझेल गाडीची क्लच प्लेट झिजत आली की पेडल जड होत जातं, आणि ते इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. डांगे चौकातून भूमकर चौकापर्यंत अर्ध्या क्लचवर गाडी सरकवत नेताना डावा पाय पूर्ण दाबलेलाही नसतो आणि सुटलेलाही नसतो, मांडी ताणून अधांतरी धरलेला असतो. जड पेडलवर हे रोज सकाळ-संध्याकाळ म्हणजे गुडघ्यानं तक्रार करणारच. नव्या पेट्रोल हॅचबॅकचा क्लच तुमच्या मानानं लोण्यासारखा लागेल. म्हणून टेस्ट ड्राइव्ह मॅन्युअलचीही घ्या. ती शोरूमच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. संध्याकाळी सहाला, तुमच्याच वाटेवर घ्या. सेल्समन कुरकुर करेल, करू द्या. आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आधी दाखवा. गुडघ्याची झीज असेल तर विषयच मिटला, ऑटोमॅटिक घ्या. नसेल तर निवड मोकळी राहते.

पण खरं सांगू? तुमच्या पत्रातला गुडघ्याइतकाच मोठा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलाय. वहिनींकडे लायसन्स आहे आणि त्या चालवत नाहीत. का, हे कधी निवांत विचारलंत?

मी हे सदर लिहिते म्हणून माझ्याकडे अशा बायकांची पत्रं येतात, आणि त्यांतली हकिगत बहुतेक वेळा सारखी असते. ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन शिकल्या. त्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. चढावर गाडी बंद पडायला आली की मास्तर गपचूप आपला पाय लावतात आणि शिकणाऱ्याला वाटतं, जमलं. लायसन्स मिळतं. मग घरची गाडी, शेजारी नवरा, सिग्नलला थोडा चढ, मागे पीएमटीची बस. क्लच सुटतो, गाडी गचका देऊन बंद पडते, मागून हॉर्नचा कल्लोळ आणि शेजारून "अगं, हाफ क्लच, हाफ क्लच!" दोन-तीनदा असं झालं की किल्ली खुंटीवरच राहते. वर्षं जातात. घरात म्हणायची पद्धत पडते, 'तिला आवडत नाही चालवायला.'

तुमच्या घरी असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. कदाचित वहिनींना खरंच आवड नसेल, कदाचित भीती क्लचची नसून भूमकर चौकाचीच असेल, आणि ती ऑटोमॅटिकनं जात नाही. पण विचारा. कारण तुम्ही अख्खं पत्र 'मी कोणती गाडी चालवू' यावर लिहिलंय आणि गाडी घराची आहे. अण्णांना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि तुम्ही ऑफिसच्या कामानं बंगळुरूला असलात, तर चालवणारं दुसरं कोण? तिथे गाडीला गिअर आहे की नाही यापेक्षा घरात किती जण ती बिनधास्त काढू शकतात, हे महत्त्वाचं ठरतं.

एक कृपा करा. ऑटोमॅटिक घेतलीत तर 'हिच्यासाठी घेतली' असं चारचौघांत सांगू नका. शोरूममध्ये 'मॅडमसाठी ऑटोमॅटिक बेस्ट' हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आता कानाला खुपतं. गुडघा तुमचा दुखतोय.

आता अण्णा. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, कारण घाटाबद्दल ते जे बोलतात त्यात अर्धं सोनं आहे.

एसटीत जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं आणि ब्रेकला विश्रांती मिळते. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात, आणि फार तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. तुम्ही पुणेकर आहात, नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारानं किती जीव घेतलेत हे तुम्हाला सांगायला नको. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणाऱ्या ट्रकांबद्दल पोलिसांनी सांगून सांगून घसा कोरडा केलाय. गंमत म्हणजे त्यात इंधनही वाचत नाही. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं.

अण्णांचं उरलेलं अर्धं मात्र जुनं झालंय. ऑटोमॅटिकला गिअर नसतो हे खरं नाही, आणि घाटात तिला खालच्या गिअरमध्ये धरता येत नाही हेही खरं नाही. एएमटीत दांडा एका बाजूला सरकवला की 'एम' येतं, पुढे-मागे ढकलून गिअर तुम्ही ठरवता. दुसऱ्या प्रकारांत कुठे 'एल', कुठे 'एस', कुठे स्टिअरिंगमागे छोट्या पट्ट्या. घोटाळा होतो तो एवढाच की बहुतेक लोक गाडी 'डी'मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, टाकतात ती घरी पोचेपर्यंत 'डी'मध्येच. कुंभार्ली घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की गाडीला वाटतं आता निवांत चाललंय, ती वरचा गिअर टाकते, गाडी सुटल्यासारखी होते आणि चालवणारा ब्रेकवर उभा राहतो. चिपळूण येईपर्यंत चाकांना जळका वास. यात दोष गाडीचा नाही, माहितीचा आहे. चढतानाही तेच. ऐन वळणात एएमटी वरचा गिअर टाकते, मग दम लागला की खालचा शोधते, आणि त्या क्षणभरात गाडी ढेपाळते. घाट लागला की 'एम' करून दुसरा गिअर धरून ठेवा, कटकट संपली.

इलेक्ट्रिकचा विचार असेल तर तिची एक खोड ध्यानात असू द्या. उतारावर तिची मोटरच ब्रेकसारखी गाडी धरते आणि त्यातून बॅटरी चार्ज होते, फार सुरेख व्यवस्था आहे. पण घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून निघालात तर ती वीज ठेवायला जागाच नसते, आणि ते धरणं कमी पडतं. वर मुक्काम असेल तर थोडं कमीच भरा. बाकी रोज हिंजवडी आणि वर्षातून मोजक्या फेऱ्या, सोसायटीत चार्जिंगची सोय, एवढं जमत असेल तर इलेक्ट्रिक तुमच्या यादीत असायला हवी. सोय नसेल तर तो विषय आत्ता सोडा, सोसायटीच्या मीटिंगा घाटापेक्षा अवघड.

घाटापेक्षा मला काळजी वाटते ती तुमच्या गावच्या घराची. कोकणातलं घर म्हणजे रस्त्यापासून खाली उतरणारी वाट आलीच, पावसात शेवाळलेली, आणि बाहेर पडताना रिव्हर्समध्ये चढवायची. असं असेल तर नीट वाचा. अशा जागी गाडी इंच-इंच सरकवावी लागते, म्हणजे अर्धा क्लच. मॅन्युअलमध्ये ते तुमच्या पायात असतं. एएमटीत ते यंत्र आपल्या अंदाजानं करतं, आणि तिथेच ती सगळ्यात कच्ची आहे. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी रोखून धरू नका, क्लच जळतो. हँडब्रेक ओढा, मग हळूच ॲक्सिलरेटर देत सोडा. चढावर मागे न सरकण्याची सोय, ज्याला हिल होल्ड म्हणतात, ती ज्या मॉडेलला आहे तेच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

टॉर्क कन्व्हर्टर प्रकारात ही अडचण सगळ्यात कमी. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेल असतं, त्यामुळे गाडी मऊपणे सरकते आणि अशा सरकण्यानं क्लच झिजायचा प्रश्नच येत नाही. बजेट पोचत असेल तर तुमच्या रस्त्याला माझी पसंती तिलाच. सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा प्रकार, शहरात सुखाची, गचका म्हणून नाही, पण पाच माणसं आणि गणपतीचं सामान घेऊन घाट चढताना इंजिन ओरडतं आणि वेग मागाहून येतो, ते काहींना सहन होत नाही. दोन क्लच आळीपाळीनं काम करतात त्या डबल क्लचवाल्या गाड्या चालवायला सगळ्यात झकास. मात्र कोरड्या क्लचची असेल तर भूमकर चौकातल्या रांगेत ती तापू शकते, तेव्हा कोरडा की तेलातला हे विचारूनच पुढे जा. एएमटी पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना किंचित मान डोलावते. गिअर बदलतोय असं जाणवलं की पाय जरासा हलका करा, महिनाभरात सवय होते. आणि ॲव्हरेज कमी मिळतं ही भीती तर काढूनच टाका. 2024 च्या स्विफ्टचे कंपनीचे आकडेच पाहा: मॅन्युअल लिटरला 24.80 किलोमीटर, एएमटी 25.75. प्रत्यक्षात दोन्ही कमी मिळतं, ते वेगळं.

पैशाचं एक कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत 12 टक्के रोड टॅक्स आहे, तोही पूर्ण किमतीवर. समजा मॅन्युअल 9 लाख 70 हजारांची आणि तिचीच ऑटोमॅटिक 10 लाख 20 हजारांची. टॅक्स अनुक्रमे 1,06,700 आणि 1,22,400. म्हणजे शोरूममध्ये 50 हजार दिसणारा फरक इथेच 65,700 झाला, इन्शुरन्सचा थोडा वरून. तुमची गाडी दहा लाखांच्या उंबरठ्यावर असेल तर ऑन रोड किंमत दोन्हींची लेखी मागा. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा डबल क्लच म्हटलं की मूळ फरकच लाख-दीड लाखाच्या घरात जातो. उलट बाजूला मॅन्युअलची क्लच प्लेट धरा. तुमच्यासारख्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये ती कधीतरी बदलावी लागतेच. एएमटीलाही क्लच प्लेट असतेच, आणि वर ती चालवणारी यंत्रणा. म्हणून एएमटी घेतलीत तर वाढीव वॉरंटी घ्या. एरवी मी वाढीव वॉरंटीच्या बाजूची नाही, इथे आहे.

मुलीचा प्रश्न आपल्याकडे कायद्यानं सोपा आहे. दुचाकीला 'विना गिअर'चं लायसन्स वेगळं असतं, चारचाकीला तसा भेद नाही. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स मिळालं की दोन्ही चालवता येतात. परदेशात सगळीकडे तसं नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही. दुबईतही ऑटोमॅटिकचं लायसन्स वेगळं. जर्मनीनं 2021 पासून मधला मार्ग काढलाय: परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअलवरचे ठराविक तास आणि एक छोटी चाचणी पूर्ण केली तर दोन्ही चालवायची मुभा. पुण्यातली निम्मी पोरं जर्मन शिकत असतात म्हणून सांगितलं. जर्मनीत आपलं लायसन्स सहा महिने चालतं, पुढे परीक्षा द्यावीच लागते.

तरीही तिनं मॅन्युअल शिकावं, असं मलाही वाटतं. 'खरं ड्रायव्हिंग' वगैरे कारणानं मात्र नाही. मैत्रिणीची, मामाची, ऑफिसची गाडी अजून दहा-पंधरा वर्षं मॅन्युअल निघण्याची शक्यता भरपूर आहे, आणि अडीनडीला हात बांधलेले नकोत, एवढ्यासाठी. पण त्यासाठी घरात मॅन्युअल हवी हे कुठे लिहिलंय? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या आजही बहुतेक मॅन्युअलच असतात. महिनाभराचा क्लास लावा. मास्तरांना सांगा, शेवटचे काही दिवस तुमचा पाय क्लचवरून बाजूला ठेवा. चढावर थांबून मागे न सरकता निघता येईपर्यंत शिकवा म्हणा. तेवढं आलं की बाकी सगळं येतं. जुनी गाडी एक्सचेंजमध्ये लगेच देऊन न टाकता, पार्किंगची सोय असेल तर वर्षभर ठेवणं हाही एक मार्ग. मुलगी सरावाला वापरेल, अण्णा बाजूला बसतील. जागा नसेल तर मात्र दुसऱ्या गाडीच्या मोहात पडू नका, सोसायटीत शेजाऱ्यांशी रोजचं भांडण विकत घ्याल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. नवी गाडी ऑटोमॅटिक आली तर अण्णा ती हातात घेणार. घेतल्याशिवाय राहणार नाहीत. ज्यांनी हयातभर क्लच मारला त्यांना ऑटोमॅटिक सोपी नसते, सुरुवातीला धोक्याची असते. थांबायची वेळ आली की डावा पाय सवयीनं क्लच शोधतो, सापडतो ब्रेक, आणि क्लचच्या जोरानं दाबला की सगळे डॅशबोर्डवर. याहून वाईट म्हणजे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणं. वयस्क चालकांचे असे अपघात जपानमध्ये इतके झाले की 2028 पासून तिथल्या नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत चुकून जोरात दाबलेला ॲक्सिलरेटर रोखणारी यंत्रणा सक्तीची होतेय. मॅन्युअलमध्ये घाबरून डावा पाय क्लचवर गेला की निदान इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो. ऑटोमॅटिकमध्ये ती सोय नाही.

तेव्हा पहिले काही रविवार मोकळं मैदान. डावा पाय मागे ओढून फूटरेस्टवर, तो उचलायचाच नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्यानंच, टाच जमिनीवर टेकवून. दांडा हलवण्याआधी ब्रेक दाबलेला. आणि एएमटी असेल तर तिला बहुधा 'पी', म्हणजे पार्किंगची जागा, नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. ऐनवेळी बोलावलेल्या बदली ड्रायव्हरलाही. बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी चालू करायची नाही, हे अण्णांना दोनदा सांगा. आणि गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढत न्यायची नाही, चाकं वर उचलून नेणारी गाडी बोलवायची.

अण्णांना हे कसं पटवायचं? पटवायला जाऊ नका. त्यांच्याच एसटीनं 1 जून 2022 ला पुणे-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' ही इलेक्ट्रिक बस सोडली, तिच्या ड्रायव्हरसमोर ना क्लच, ना गिअरचा दांडा. एकदा त्यांना तिच्यातून फिरवून आणा आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवा. थांबल्यावर दोघं आपसात बोलतीलच, तुम्ही मध्ये पडू नका. आणि गाडी आल्यावर पहिला घाट 'एम'वर कसा उतरायचा हे घरातल्या सगळ्यांना अण्णांनीच शिकवावं. त्या कामाला तुमच्या घरात त्यांच्याइतका लायक माणूस नाही.

माझा कौल: गुडघा डॉक्टरांनी खराब ठरवला, किंवा वहिनी 'हो, मग मी चालवेन' म्हणाल्या, या दोन्हींपैकी एक जरी झालं तरी ऑटोमॅटिक घ्या. जमल्यास टॉर्क कन्व्हर्टर, नाहीतर हिल होल्ड असलेली एएमटी. यातलं काहीच झालं नाही आणि गिअर बदलायला तुम्हाला मनापासून आवडतं एवढंच कारण उरलं, तर मॅन्युअल घ्या. आवड हे काही कमी प्रतीचं कारण नाही, त्याला 'भावनेत अडकणं' म्हणून लाजायचं काम नाही.

शोरूमला जाण्याआधी वहिनींचं लायसन्स कपाटातून काढून तारीख बघा. मुदत संपून वर्षाच्या आत असाल तर नुसतं नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, आणि तसं असेल तर मुलीसोबत त्यांचंही नाव त्याच क्लासला घाला.